आधी विचार सोडले, आणि दोन वर्षं गेली

"शून्यता विचाराने कळत नाही. विचार सोडा." बौद्ध ध्यानाच्या पहिल्याच शिबिरात हे ऐकलं आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. (शून्यता म्हणजे कुठल्याही गोष्टीला स्वतःच्या बळावर उभं असलेलं, स्वतंत्र अस्तित्व नसणं.) वाक्य खोटं नाही, पण ते शेवटच्या टप्प्यावरचं आहे आणि मला ते पहिल्या दिवशी दिलं गेलं. मी विश्वासाने विचार सोडले. डोळे मिटले की मन कोरं, शांत. हीच शून्यता असं धरून दोन वर्षं बसले. उठल्यावर राग आणि हाव जिथल्या तिथे.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं, की विचार सोडून द्यायचे की विचारातूनच पुढे जायचं, हा वाद जुना आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस तिबेटात समये विहारात तो झाला, असं परंपरा सांगते. त्यात विचाराची बाजू मांडणारे भारतीय आचार्य कमलशील यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: नुसतं विचार नसणं म्हणजे प्रज्ञा असेल, तर मूर्च्छित पडलेल्या माणसालाही ती झाली म्हणायची. क्रम श्रुत (ऐकणं-वाचणं), चिंता (त्यावर विचार करणं), भावना (ते ध्यानात मुरवणं) असा आहे. मी मधली पायरी गाळली होती.

चिंतेला लागले आणि खरी अडले ती इथे. तिबेटी आचार्य चोंखापांचा आग्रह असा, की जे नाकारायचं आहे ते आधी नेमकं ओळखा. यालाच निषेध्य म्हणतात. भारतीय आचार्य चंद्रकीर्तींचा रथाचा सात अंगांनी तपास (रथ त्याच्या भागांत शोधावा, तसा 'मी'ला शोधायचा) मला पाठ होता. 'मी' म्हणजे स्कंधच, म्हणजे शरीर-मनाचे घटकच का? स्कंधांहून वेगळा? स्कंधांचा मालक? त्यांच्यात राहणारा? त्यांचा आधार? त्यांचा समुदाय? त्यांचा आकार? प्रत्येक उत्तर बरोबर येत होतं आणि आत काही हलत नव्हतं. कित्येक महिने असेच गेले. मी खोडत होते तो 'मी' ग्रंथातला होता. ज्याच्या जोरावर मी जगत होते, त्याला धक्काही लागला नव्हता.

मग एका शिबिरात, सगळ्यांसमोर, मी मौन मोडल्याचा आरोप झाला. मी बोलले नव्हते. "मी?" असं आतून जे उसळलं ते शरीर नव्हतं, मनही नव्हतं. दोन्हींच्या वर, कुणाच्याही आधाराशिवाय उभं असलेलं काहीतरी होतं. खोटा आळ आला की निषेध्य स्पष्ट दिसतं हे मी वाचलं होतं, पण ओळख पटली ती त्या क्षणी. तशीच जाऊन बसले आणि त्या 'मी'ला सातही ठिकाणी शोधलं. सापडला नाही. पायाखालची जमीन गेल्यासारखी भीती वाटली, आणि मग काही क्षण फक्त ते न सापडणं उरलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: मन थोडं तरी स्थिर असल्याशिवाय हे जमत नाही. राग आला की आपण रागासोबत वाहून जातो. मनाचा एक कोपरा बघायला मागे राहावा लागतो. कोरं बसण्याची ती दोन वर्षं तेवढ्यापुरती कामी आली, हे मान्य करते.

आणि नाकारताना हात आवरा. त्या दिवसानंतर काही आठवडे मी "काहीच नाही, मग कशाला महत्त्व" असं धरून बेफिकीर बोलत होते, माणसं दुखावली. चुकीची धरलेली शून्यता ही चुकीच्या पद्धतीने पकडलेल्या सापासारखी असते, हा इशारा बौद्ध आचार्य नागार्जुनांनी दिलाच आहे. जे प्रतीत्यसमुत्पन्न, म्हणजे इतर कारणांवर अवलंबून घडलेलं, तेच शून्य, असं ते म्हणतात. म्हणजे बोलणारी, दुखावणारी, उत्तर द्यायला बांधील असलेली व्यक्ती आहेच. तेच असंही म्हणतात, "व्यवहारमनाश्रित्य परमार्थो न देश्यते". व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगता येत नाही. शब्द आणि तर्क त्या व्यवहारातच येतात.

मला झालं ते अनुमान, म्हणजे तर्काने झालेलं ज्ञान. त्यात शून्यता दिसते ती कल्पनेच्या पडद्याआडून. थेट दर्शन साधनेच्या पुढच्या टप्प्यावर, दर्शनमार्गावर होतं आणि मी तिथे पोचलेली नाही. पण अनुमानही प्रमाणच, म्हणजे खात्रीचं ज्ञानच आहे. दोन काष्ठं घासून निघालेला अग्नी त्या काष्ठांनाच जाळतो, ही उपमा मला सगळ्यात जवळची. विकल्प, म्हणजे विचार, शेवटी जळायचेच आहेत. मला मात्र घासण्याआधीच काष्ठं फेकून द्यायला सांगितलं गेलं होतं.

आता रोज बसते तेव्हा आदल्या दिवशीचा एखादा झोंबलेला शब्द आठवते, तो 'मी' वर येऊ देते आणि रथाच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते.