राजकवी चंद्रशेखर आणि शोधपट्टी

बडोद्याच्या राजकवींचं नाव शोधपट्टीत टाकलं की आधी क्रांतिकारक आझाद भेटतात, मग माजी पंतप्रधान, मग नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. आमचे चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे (१८७१–१९३७), या गर्दीत पार मागे. त्यांच्या संग्रहाचं नाव घालून पाहावं, तर ते 'चंद्रिका'. लगेच साबणाची वडी हजर!

माझा भाचा इथे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करतोय. गोऱ्ह्यांवर त्याला निबंध लिहायचाय. "मावशी, नेटवर यांच्याबद्दल काही नाहीच गं," असं म्हणत तो दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन बसला. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेय, कार्डं लिहिण्यात हयात गेली. त्याने शोधपट्टीत काय लिहिलं होतं? 'कवी चंद्रशेखर यांच्या कवितेची वैशिष्ट्ये कोणती'. हा परीक्षेतला प्रश्न झाला. याला उत्तर म्हणून गाइडंच येणार.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला हवं असलेलं पान कुणीतरी कधीतरी छापलंय किंवा टंकलंय. त्याने कुठले शब्द वापरले असतील, ते शब्द टाकायचे.

त्या काळचा लेखक 'वडोदरा' लिहिणार नाही. तो 'बडोदे' लिहील, तेही बहुधा 'बडोदें'. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार गेले, त्याआधीच्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'त्यांनीं' असंच सापडतं. शिवाय आपल्या भाषेत नाव सरळ उभं राहतंच कुठे? 'बडोद्याचे', 'बडोद्यास', 'चंद्रशेखरांनी', 'चंद्रशेखरांच्या'. अवतरणचिन्हांत 'बडोदे' टाकलंत तर 'बडोद्याचे राजकवी' असं लिहिलेलं पान हाती लागेलच असं नाही. म्हणून मी अवतरणांत 'बडोद्याचे राजकवी' असा आख्खा तुकडाच टाकते, आणि बाहेर नुसतं गोऱ्हे. नको असलेल्या नावाआधी वजाचं चिन्ह लावायचं, मध्ये जागा सोडायची नाही: चंद्रशेखर -आझाद. एवढ्याने निम्मी गर्दी पांगते.

आता 'गोऱ्हे'. हा अर्धा र म्हणजे छळ आहे. तो संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरं असतात. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्राने अक्षरं ओळखली असतील तर पंचाईत आणखी वाढते: 'गोऱ्हे'चं 'गोर्हे' होतं, नाहीतर चक्क 'गोन्हे'. भाच्याला म्हटलं, 'गोन्हे' टाकून बघ. तो हसला. मग टाकलं, आणि हसू थांबलं. कुठल्याशा जुन्या पुस्तकातल्या कवींच्या यादीत आपले गोऱ्हे 'गोन्हे' होऊन बसले होते. तेव्हापासून 'ऱ्ह' असलेलं कुठलंही नाव मी 'न्ह' करूनही शोधते. कुऱ्हाड, वऱ्हाड, सगळं.

'इंटरनेट आर्काइव्ह' या संकेतस्थळावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली पुष्कळ जुनी मराठी पुस्तकं आहेत. बऱ्याच पुस्तकांची नावं मात्र रोमनमध्ये नोंदवलेली, आणि नोंदवणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तशी. 'विविधज्ञानविस्तार' (१८६७ ते १९३७ चाललेलं मासिक) शोधायचं तर 'ज्ञ'ला तीन वेशांत शोधावं लागतं: डीएनवाय, जेएन, जीवाय. शब्द जोडलेत की तोडलेत, तेही धरून ठेवू नका. मी नावातला एखादा सुटसुटीत तुकडा घेते, इथे 'विस्तार'. 'मनोरंजन'सारख्या मासिकांचं स्कॅनही अंकवार असतं, कवितावार नव्हे. म्हणजे कविता कुठल्या वर्षी आली ते आधी दुसरीकडून काढायचं, मग तो अंक उघडायचा आणि पानं हाताने उलटायची. त्याला इलाज नाही, आणि मला तरी त्यात कंटाळा येत नाही. जाहिराती वाचत बसते.

साल शोधताना शकाचंही बघा. 'चंद्रिका' १९३२ची, म्हणजे शके १८५४. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कधीकधी शकच असतो. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, पुढचे जानेवारी ते फाल्गुन ७९.

विश्वकोशासारख्या एकाच ठिकाणी शोधायचं तर रोमनमध्ये 'साइट' लिहून उभी दोन टिंबं (:) द्यायची आणि लगेच त्या जागेचा पत्ता. आई-आजीच्या तोंडची ओळ अर्धवट आठवत असेल तर खात्रीचा भाग अवतरणांत घ्यायचा आणि विसरलेल्या शब्दाच्या जागी तारा टाकायचा. कवितांच्या बाबतीत हे मला सगळ्यांत उपयोगी पडलंय, कारण पाठ असलेल्या ओळीत नेमका एखादा शब्द आपण आपल्या सोयीने बदललेला असतो.

हल्ली शोध घेतला की वरती तयार उत्तराचा चौकोन येतो. त्यातून मी फक्त नावं उचलते, पुस्तकांची, मासिकांची, माणसांची. साल किंवा ओळ उचलत नाही, ती छापील पान उघडून बघते. भाच्याला हे जाचक वाटतं. वाटू दे.

आणि आपल्याकडे मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे हो! सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून १९१०मध्ये उभी केलेली. नेटवर नाव, साल, प्रकाशक एवढं हाती लागलं की चिठ्ठीवर लिहून तिथे जा, काउंटरवर द्या. नुसतं 'चंद्रशेखर' असं सांगितलंत तर काउंटरवरचा माणूसही विचारणार, "कुठले?"

भाच्याचं सध्या 'गोदागौरव'वर अडलंय. ती कविता पहिल्यांदा कुठल्या मासिकात आली ते त्याला हवंय. कुणाच्या घरी माळ्यावर मासिकांचे बांधीव खंड असतील तर अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा. कवीचं नाव 'चंद्रशेखर' एवढंच असेल, आडनाव शोधू नका.