गुहागरच्या वाडीतून गुरू, चंद्र आणि सूर्य

ग्रहांचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेक जण आधी अंधारी जागा शोधतात. दीर्घिका आणि तेजोमेघांसाठी ते बरोबरच आहे. पण गुरू, चंद्र, सूर्य इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्याने त्यांचं काही बिघडत नाही. त्यांचं चित्र बिघडवते ती हलती हवा. म्हणून 10 जानेवारी 2026 च्या गुरूच्या प्रतियुतीसाठी (पृथ्वी मध्ये, गुरू आणि सूर्य विरुद्ध बाजूंना) आम्ही घाटमाथ्याचं पठार सोडलं आणि किनारा गाठला.

जानेवारीत जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा, जोरदार पट्टा उत्तर भारतावरून वाहत असतो. त्याच्या खालून गुरू पाहिला तर कितीही मोठी दुर्बीण असली तरी बिंब उकळत्या पाण्यातून दिसावं तसं दिसतं. कोकण त्या पट्ट्याच्या दक्षिणेला राहतं. निघण्याआधी विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर 250 हेक्टोपास्कलचा (साधारण दहा किलोमीटर उंचीवरचा) थर उघडायचा आणि वाऱ्याचा वेग पाहायचा. तो ताशी 90 किलोमीटरच्या आत असेल तर सामान भरावं. त्याहून बराच जास्त असेल तर आपल्या घराच्या गच्चीवरूनही तेच मिळेल, प्रवासाचे कष्ट कशाला?

पुण्याहून आम्ही कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो. तिथून गुहागर साधारण 45 किलोमीटर. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन (आत आरसे, पुढे काच असलेली) दुर्बीण गाडीच्या मागच्या सीटवर फोममध्ये, पट्टा लावून ठेवली. डिकीत टाकली तर घाटातल्या धक्क्यांनी कॉलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) नक्की हलतं. सीटवर ठेवूनही मुक्कामाला पोचल्यावर ते तपासावं लागतंच.

मुक्कामाची खोली निवडताना एसीचा मोह टाळायचा. गार खोलीतून काढलेली दुर्बीण किनाऱ्यावरच्या दमट हवेत आणली की पुढच्या काचेवर लगेच पाणी धरतं आणि आतली हवा तासभर घुसळत राहते. सूर्य मावळतानाच दुर्बीण बाहेर काढून ठेवली की रात्री नऊपर्यंत नळी हवेच्या तापमानाला येते.

गुहागरला घरामागची वाडी उतरत समुद्राकडे जाते. पुळणीवर दुर्बीण लावायची इच्छा कितीही झाली तरी रात्री ती तिथे नको. वाळूत ट्रायपॉड खचतो आणि वाऱ्याबरोबर आलेलं खारं दव थेट काचेवर बसतं. घरापुढचं जांभ्याची फरशी घातलेलं अंगणही टाळावं. दिवसभर तापलेला जांभा मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि ती ऊब नेमकी दुर्बिणीसमोरून वर चढते. आम्ही वाडीतली शेणाने सारवलेली खळ्याची जागा घेतली. माडापासून लांब, कारण झावळ्यांवरून दव ठिबकतं आणि नारळ कधी पडेल ते सांगता येत नाही. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली प्लायवुडचे हातभर लांबीरुंदीचे तुकडे ठेवले.

आता अक्षांशाची गोष्ट. गुहागर 17.5 अंशांवर आहे, त्यामुळे ध्रुवतारा उत्तरेला तेवढाच वर असतो आणि माडांआड सहज लपतो. शिवाय विषुववृत्तीय माउंटचा (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणाऱ्या बैठकीचा) ध्रुवाकडे रोखलेला अक्ष इतका आडवा झाला की वजनांचा दांडा उत्तरेकडच्या पायाला आपटू शकतो. मॅन्युअलमध्ये एक पाय उत्तरेला करा असं लिहिलेलं असतं. इथे उलट करावं, दोन पायांमधली फट उत्तरेला ठेवावी. ध्रुव जुळवणीत अर्ध्या अंशाची चूक राहिली तरी दोन-दोन मिनिटांच्या व्हिडिओला चालते (ग्रहांचे व्हिडिओच घ्यायचे, त्यातल्या उत्तम फ्रेम नंतर एकमेकींवर रचून चित्र बनतं). होकायंत्र आणि स्पिरिट लेव्हल पुरते.

गुरू मिथुनेत, पुनर्वसूच्या जवळ होता. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उत्तर 22 अंश. म्हणजे मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता तो जवळजवळ डोक्यावर, 85 अंशांवर येतो. डॉबसोनियनवाल्यांनी (हाताने वर-खाली आणि आडवी फिरवायची दुर्बीण असलेल्यांनी) हे आधीच ध्यानात घ्यावं, कारण त्या उंचीवर दुर्बीण आडवी फिरवणं फार कठीण जातं. त्यांनी पावणेअकरा ते पावणेबारा ही वेळ साधावी. तेव्हा गुरू 61 ते 75 अंशांवर असतो, आणि हवाही त्याच वेळी उत्तम असते. संध्याकाळी खारे वारे पडतात, पहाटेकडे मतलई वारे जमिनीवरून सुटतात, आणि मधल्या काही तासांत झावळीचं पातंही हलत नाही. सगळा खटाटोप या तासांसाठीच.

कॉलिमेशनसाठी पुनर्वसूतला जास्त तेजस्वी तारा, पोलक्स, मध्यभागी आणला. फोकस थोडा बिघडवला की तारा कड्यासारखा दिसतो, मध्ये काळी सावली. सावली ज्या बाजूला सरकलेली असेल, त्याच बाजूला माउंटने तारा सरकवायचा आणि मग दुय्यम आरशाच्या स्क्रूने तो परत मध्यात आणायचा. स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरीच फिरवावा. एक घट्ट झाला तर उरलेले दोन थोडे सैल करावेत. तिन्ही सैल केले तर आरसाच हातात येईल. हे काम थंड झालेल्या दुर्बिणीवरच करावं, गरम नळीत कडं स्वतःच वेडंवाकडं होतं.

कॅमेरा 2.9 मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत. पिक्सेलच्या आकाराची पाचपट हा फोकल रेशोचा (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास) सोपा हिशेब. 2.9 गुणिले 5 म्हणजे f/14.5. दुर्बीण f/10 ची, म्हणून दीडपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावून f/15. यात एक पिक्सेल म्हणजे जवळपास 0.2 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), आणि 46.6 विकलांचा गुरू सुमारे 240 पिक्सेल रुंद. यापेक्षा मोठी बार्लो लावली की बिंब मोठं होतं, तपशील मात्र तेवढाच राहतो आणि एक्स्पोजर वाढतं.

640×480 ची चौकट, एक्स्पोजर 6 मिलिसेकंद, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) असा की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) 60 ते 70 टक्क्यांवर राहील. सेकंदाला सुमारे 150 फ्रेम. नव्वद सेकंदांत 13,500 फ्रेम आणि 4 जीबीच्या वर फाइल. बाहेरच्या जुन्या हार्ड डिस्कवर लिहायला लावलं तर फ्रेम गळतात. लॅपटॉपच्या एसएसडीवरच लिहावं.

व्हिडिओ किती लांब असावा? गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा ठिपका मिनिटाला पाव विकला सरकतो. आठ इंची दुर्बिणीची विभेदनक्षमता (वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील) 0.57 विकला, म्हणजे दोन मिनिटांत ठिपका जवळपास तेवढा पुढे गेलेला असतो. त्याहून लांब चित्रीकरण करायचं तर तुकडे पाडावेत आणि विनज्युपॉस या संगणक-प्रणालीत परिवलन काढून जोडावेत. फोकस मात्र दर वीस मिनिटांनी पुन्हा पाहावा, रात्र थंड होत जाते तशी नळी आकसते. फोकससाठी गुरूच्या कडेकडे पाहत बसू नये. एखादा उपग्रह सर्वांत बारीक होईल तिथे थांबावं.

दव अकराच्या सुमारास पडायला लागलं. दुर्बिणीच्या तोंडावर योगा मॅट गुंडाळून केलेलं 30 सेंटीमीटरचं नळकांडं आणि काचेला ऊब देणारी विजेची तापपट्टी सर्वांत कमी पॉवरवर, एवढं पुरतं. पट्टी जास्त तापवली की तिचीच ऊब चित्रात लाटा उठवते. वीज केव्हाही जाऊ शकते हे गृहीत धरून माउंट आणि पट्टी दोन्ही 12 व्होल्टच्या 20 अँपिअर-तास बॅटरीवर ठेवली होती.

पहाटे चित्रेच्या आसपास पौष वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र होता. बार्लो काढली, लाल फिल्टर लावला (लांब तरंगलांबीला हवेचा त्रास कमी होतो), माउंटला चांद्रगती दिली. f/10 ला चौकट साडेनऊ बाय साडेपाच कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढी, म्हणजे अर्धा चंद्र पंधराएक तुकड्यांत बसतो. शेजारच्या तुकड्यांत पाव भाग सामाईक ठेवावा आणि सर्व तुकड्यांना एकच एक्स्पोजर, नाहीतर जोड दिसतात. अर्ध्या चंद्रावरची सर्वांत देखणी जागा म्हणजे रूपेस रेक्टा, ती सरळ भिंत. शुक्ल पक्षात अष्टमीनंतर ती काळी रेघ दिसते. वद्य अष्टमीला मावळतीचं ऊन तिच्या पश्चिमेकडच्या उतारावर थेट पडतं आणि तीच रेघ पांढरी चमकते. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की भिंतीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते आपोआप कळतं.

सूर्यासाठी 80 मिमीची छोटी अपवर्ती दुर्बीण. दिवसाची हवा मोठ्या व्यासाला क्वचितच साथ देते. पुढच्या भिंगावर बाडर अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म, घनता 5 (प्रकाशाचा फक्त लाखावा भाग आत सोडणारी). उन्हाकडे धरून तिला टाचणीएवढंही भोक नाही ना हे पाहायचं, मग कडेने टेप मारायची, कारण किनाऱ्यावरचा वारा नुसती बसवलेली टोपी उडवतो. मोठीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण काढूनच ठेवायची, तिला फिल्टर नसतो. 3.8 घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते, तिच्यातून डोळ्याने कधीही पाहू नये.

सकाळी सूर्य डोंगरांच्या बाजूला असतो, दुपारी समुद्रावर. उदयपूरची सौर वेधशाळा 1976 मध्ये फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली गेली ती पाण्यासाठीच. पाणी जमिनीसारखं झपाट्याने तापत नाही, त्यामुळे त्यावरची हवा शांत राहते. गुहागरला तोच फायदा दुपारी तीनला मिळतो. सूर्य 38 अंशांवर, खाली अरबी समुद्र, आणि खारे वारे एकसारखे. रात्री वर्ज्य असलेली पुळण या वेळी चालते, पण काम झालं की सामान लगेच मागे न्यावं. 480 मिमी नाभीय अंतराला सूर्यबिंब 4.5 मिमीचं पडतं, कॅमेऱ्याचा सेन्सर 5.6×3.2 मिमीचा. पूर्ण बिंब दोन तुकड्यांत घ्यावं लागतं. डागांसाठी अडीचपट बार्लो, हिरवा 540 नॅनोमीटरचा फिल्टर आणि 2 मिलिसेकंद. लॅपटॉपवर पुठ्ठ्याचं खोकं आणि काळं कापड हवंच, त्याशिवाय उन्हात फोकस दिसत नाही.

परत आल्यावर काच पुसू नये. मिठाचे कण घासले तर कोटिंगवर कायमचे ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग सामान सिलिका जेलच्या डब्यात ठेवावं. फ्रेम रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्ट प्रणालीत गुरूच्या उत्तम 20 टक्के फ्रेम घेतल्या, चंद्राच्या 10. चित्र धारदार करणाऱ्या वेव्हलेटचे पहिले दोनच थर वाढवले. गुरूच्या कडेवर पांढरी रेघ उमटली की समजावं, जास्त झालं, एक पायरी मागे यावं.

फाइलच्या नावात वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. विनज्युपॉस त्यावरूनच रेखांश काढतं. स्पेनमधल्या बास्क विद्यापीठाच्या पीव्हीओएल संग्रहात हौशी लोकांची ग्रहचित्रं जमा होतात आणि संशोधक ती वापरतात. तिथे गुरूचं चित्र पाठवतानाही मिनिटापर्यंत अचूक वेळ द्यावी लागते.