प्राग, पोस्टर आणि पर्किंजे

सप्टेंबर २०१४ मध्ये प्रागला अठरावी आंतरराष्ट्रीय मायक्रोस्कोपी काँग्रेस, म्हणजे मायक्रोस्कोपवाल्यांची परिषद, भरली होती, तिला मी गेलो होतो. परत आल्यावर जो तो चार्ल्स ब्रिजबद्दलच विचारतो, म्हणून ते आधी उरकतो. १३५७ साली पायाभरणी झालेला, दुतर्फा ३० पुतळे असलेला हा पूल सुंदर आहे यात वाद नाही. पण तो मी पाहिला सोमवारी, म्हणजे नेमक्या अनंत चतुर्दशीला. त्या वर्षी पुण्यातल्या मिरवणुकीच्या गर्दीतून सुटलो म्हणून खूश होतो, आणि इथे पुलावर लोकांच्या पाठी बघत इंचाइंचाने पुढे सरकत होतो. खगोलीय घड्याळाखाली तीच गत. पर्यटकांचं प्राग माझ्यापुरतं तिथेच संपलं.

परिषद जिथे होती ते काँग्रेस सेंटर जुन्या शहरापासून जरा लांब, एका टेकाडावर आहे. कम्युनिस्ट राजवटीत पक्षाच्या अधिवेशनांसाठी बांधलेली, १९८१ मध्ये पुरी झालेली ही अवाढव्य इमारत. बाहेरून बघवत नाही, पण आतल्या काचेच्या भिंतींतून किल्ल्यासकट सगळं शहर समोर पसरलेलं दिसतं. परिषदेला आलेल्या माणसाचा याहून मोठा छळ कुठला? एवढ्या देखाव्याकडे पाठ फिरवून अंधाऱ्या सभागृहात बसायचं आणि दुसऱ्याचे आलेख बघायचे.

माझं हॉटेल ‘आय. पी. पावलोवा’ या मेट्रो स्टेशनजवळ होतं. होय, कुत्रा आणि घंटावाले तेच पावलोव्ह. तिथून काँग्रेस सेंटर एकच स्टेशन, आणि त्या दोहोंमधलं अंतर मेट्रो नुस्ले नावाच्या उंच पुलाच्या पोटातून कापते. वरून मोटारी, आतून गाडी. काँग्रेस सेंटरच्या या स्टेशनचं नाव विशेह्राद.

आता पोस्टर, म्हणजे परिषदेत आपलं संशोधन मांडायचा मोठा कागद. मी उंदराच्या लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींवर काम करतो. या पेशीचा मुख्य भाग २०-२५ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर त्याचाही हजारावा. आम्ही हिऱ्याच्या सुरीने ७० नॅनोमीटरचे काप काढतो, म्हणजे एकाच पेशीचे तीनशेच्या आसपास काप होतात. ते जाळीवर उचलायचे, रंगवायचे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचे. या सगळ्याचं सार त्या पोस्टरवर होतं. थांबणारा प्रत्येक जण विचारायचा, “मशीन कुठलं? व्होल्टेज किती?” पेशीबद्दल कोणी ब्र काढला नाही. मायक्रोस्कोपवाल्यांच्या परिषदांत हे असंच चालतं. लग्नाला येऊन मांडवाच्या कापडाची चौकशी करणारी माणसं असतात ना, तशी.

वैतागून पाच वाजता बाहेर पडलो. शेजारीच विशेह्रादची जुनी तटबंदी आहे. दोन वेशी ओलांडल्या की दहाबारा मिनिटांत जोड मनोऱ्यांचं चर्च येतं आणि त्याला लागून दफनभूमी. चेक लोकांनी आपली मोठी माणसं इथे एकत्र आणून ठेवली आहेत. संगीतकार स्मेताना आणि द्वोर्झाक, चित्रकार मुखा, पोलॅरोग्राफी या रासायनिक विश्लेषणाच्या पद्धतीसाठी नोबेल मिळवणारे हेरोव्स्की. आणि यान एवांगेलिस्टा पुर्किने, म्हणजे माझ्या पेशींना ज्यांचं नाव आहे ते आपले पर्किंजे. मी त्यांच्यासाठीच आलो होतो.

एक आजी झारीने थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालत होत्या. इंग्रजीचा गंध नाही. कागदावर लिहिलेलं नाव दाखवलं, तर त्या मला थेट द्वोर्झाककडे घेऊन गेल्या. परदेशी माणूस आणखी कशाला येणार? मी मान हलवली, कागद पुन्हा पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, मला एकदा नीट न्याहाळलं आणि झारी तिथेच ठेवून झपझप चालू लागल्या. थडग्यापाशी पोचवल्यावर त्या निघून गेल्या नाहीत. शेजारी उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. अख्ख्या मुक्कामातलं सगळ्यात अगत्याचं संभाषण तेच.

सप्टेंबर १८३७ मध्ये पर्किंजे ब्रेस्लाउहून प्रागला आले होते तेही परिषदेसाठीच, जर्मन निसर्गसंशोधक आणि वैद्यांच्या. तिथे त्यांनी लहान मेंदूतल्या सुरईच्या आकाराच्या या पेशींचं वर्णन मांडलं. साधा प्रकाशाचा मायक्रोस्कोप, हाताने कापलेले जाड काप. मी कोट्यवधींच्या यंत्राने ज्या पेशीचे पापुद्रे काढतो ती याच शहरात, याच महिन्यात, १७७ वर्षांपूर्वी पहिल्यांदा चारचौघांसमोर आली. तेव्हाही कोणीतरी मायक्रोस्कोप कुठल्या कारागिराचा, हेच विचारलं असेल, अशी माझी दाट शंका आहे.

दफनभूमीचं दार बंद व्हायची वेळ झाली तेव्हा तटावर जाऊन बसलो. खाली व्हल्टावा नदी. अंधारून येताना वाफ्यातली लाल फुलं आधी काळी पडली, पानांचा हिरवा मात्र टिकून होता. हेही प्रथम टिपलं ते पर्किंजेंनीच. डोळ्याच्या अभ्यासापायी त्यांनी स्वतःवर काय काय प्रयोग केले! डिजिटॅलिस हे हृदयाचं जहाल औषध स्वतः घेऊन नजरेपुढे काय नाचतं ते लिहून ठेवलं. पुढे १८५३ मध्ये ‘झिवा’ नावाचं विज्ञानाचं नियतकालिक चेक भाषेत काढलं. ते आजही निघतं. आपल्याकडे अशी नियतकालिकं कशी धापा टाकत चालतात ते आठवलं आणि उठलो.

रात्री शाकाहारी माणसाच्या वाट्याला येणारं एकमेव जेवण: तळलेलं चीज, बटाटे, टार्टर सॉस. पहिल्यांदा मजा वाटते, नंतर नुसतं तेल. ते खाताना परिषदेलाच आलेल्या आमच्या मॅडमना थडग्याचा फोटो दाखवला. “अरे, मग आधी नाही का सांगायचंस?” म्हणाल्या. आयुष्यात कधी सत्र न बुडवलेल्या मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं सत्र बुडवून माझ्याबरोबर आल्या. जन्म डिसेंबर १७८७, मृत्यू जुलै १८६९. मनातल्या मनात वजाबाकी केली.

“एक्याऐंशी वर्षं!” त्या म्हणाल्या. “आणि तेही डिजिटॅलिस खाऊन. चल, दहाचं तरी गाठू.”