आडवं घाला की तिला आधी!

गेल्या श्रावणी सोमवारी कपिलेश्वराच्या रांगेत मला चक्कर आली. उपास होता, सकाळपासून पोटात अर्धा कप चहा, बाहेर रिपरिप पाऊस आणि रांगेत ओल्या छत्र्यांचा नि घामाचा नुसता उबारा, त्यात पाऊण तास एकाच जागी उभी. आधी जांभया, मग मळमळ, कानात कुठंतरी लांब कुकरची शिट्टी वाजल्यासारखं, आणि पुढच्या काकूंची हिरवीगार साडी बघता बघता राखाडी झाली. हातातला तांब्या पडल्याचा आवाज तेवढा आठवतोय.

पुढचं अक्कानं सांगितलं. चौघांनी मला काखेत हात घालून उभीच धरली, "पडंल की वो, धरा धरा!" एकानं नाकाला लावायला चप्पल पण आणली (देवळाच्या रांगेत ह्याला चप्पल कुठनं मिळाली देव जाणे). माझे हात झटके द्यायला लागले तसं कुणीतरी "फिट आली" म्हणून मोकळं. शेवटी मागनं एक आजी ओरडल्या, "आडवं घाला की तिला आधी!" फरशीवर झोपवलं, पाय अक्काच्या मांडीवर, आणि थोड्याच वेळात मी डोळे उघडले.

डॉक्टर म्हणाले आजींचंच बरोबर. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण हृदय फेकतं त्यातलं १५ ते २० टक्के रक्त त्यालाच लागतं, मिनिटाला साधारण ७५० मिली, आणि साठवून ठेवायची सोय नाही. आपण उभं राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय-पोटाकडं उतरतं, एरवी शरीर रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून भागवून नेतं. माझ्या बाबतीत पाणी कमी, उकाडा, आणि व्हेगस नर्वनं (मेंदूपासनं हृदयाकडं जाणारी, ठोके मंद करणारी नस) उलटंच केलं, ठोके मंद, रक्तवाहिन्या सैल, बीपी धपकन खाली. मेंदूचं रक्त ६ ते ८ सेकंद तुटलं तरी शुद्ध जाते. झटके पण त्यामुळंच, ती फिट नव्हे. पडलं की डोकं हृदयाच्या लेव्हलला येतं आणि रक्त आपोआप पोचतं, आणि ह्या लोकांनी मला तेच करू दिलं नाही, उभं धरून!

ईसीजी काढला, नॉर्मल. पळताना किंवा झोपल्या झोपल्या शुद्ध गेली, छातीत दुखलं, तर मात्र हृदय तपासायलाच पाहिजे म्हणाले. आता रांगेत डोळ्यापुढं अंधारी आली की लाज न बाळगता खाली बसते, बसायला जागाच नसली तर पायावर पाय टाकून मांड्या गच्च आवळते.

तांब्याला पोचा आलाय, आई रोज घासताना त्यावरनं एकदा बोलतेच.