लिहून ठेवा

शुक्रवार, रात्री

शटर ओढून अर्धा तास झाला तरी हाताचा काकडीचा वास जात नाहीये. आई गल्ला मोजतेय. बाबा लाकडी फळीवर मीठ टाकून ती घासत बसलेत. हे काम ते अजून कुणाला करू देत नाहीत. मी वही उघडलीय. दुकानाची नव्हे, माझी.

आज निळ्या टोपीवाले काका आले. अकराव्या दिवशी. मी मोजत होते.

झालं होतं असं, की ते रोज सव्वाअकराला, दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आधी यायचे. चीज-टोमॅटो, कडा काढून, तिरका कापलेला. काढलेल्या कडा वेगळ्या कागदात बांधून घ्यायचे. कशासाठी, ते आम्ही कधी विचारलं नाही. मधे त्यांचं काम सुटलं. तसं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण रोज रोख देणारा माणूस एक दिवस खिसे चाचपून ‘लिहून ठेवा’ म्हणाला की कळतंच. बाबा लिहीत गेले. त्या सकाळी बाबा डॉक्टरांकडे गेले होते, काउंटरवर मी एकटी. काका म्हणाले, ‘लिहून ठेव गं.’ आणि मी, अगदी मनापासून, मागे चार माणसं उभी असताना म्हणाले, ‘राहू द्या हो काका, आपल्यात कसले पैसे!’

त्यांनी पुडकं अलगद काउंटरवर ठेवलं. रागावले नाहीत. टोपी सारखी केली, ‘बाबांना विचारलंय म्हणून सांग’ म्हणाले आणि गेले. मागच्या बाईंनी लगेच आपली ऑर्डर सांगितली, मी ब्रेडला लोणी लावायला घेतलं. काहीतरी बिघडलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू त्यांचं खातं बंद केलंस.’

मला रागच आला. मी चांगुलपणा केला होता!

बाबांची उधारीची वही पाहिली तर हसू येईल. तिच्यात नावं जवळजवळ नाहीतच. ‘निळी टोपी’, ‘जुळ्यांची आई’, ‘रात्रपाळी’, ‘कांदा नको’. दुकानात येऊन दोन वर्षं झाली मला. आल्या आल्या मी ही वही मोबाइलमध्ये उतरवायला घेतली होती, पण नावाचा रकाना भरल्याशिवाय ते ॲप पुढे सरकेना. बाबांना विचारलं, ‘जुळ्यांच्या आईचं नाव काय?’ त्यांना माहीत नव्हतं. एका जुळ्याला मोहरी चालत नाही हे माहीत होतं.

गल्ल्याच्या मागे एक बरणी आहे, किल्ल्यांची. रात्रपाळीवाल्याची एक, वरच्या मजल्यावरच्या आजींची एक, आणखी तीन-चार. कुणाचा पाहुणा येणार असतो, कुणाचा प्लंबर. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ साली शहरांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात त्यांच्या रस्त्यावरच्या खाण्याच्या दुकानात शेजारीपाजारी अशाच किल्ल्या ठेवून जायचे त्याचं वर्णन आहे. ते वाचताना मला आमची बरणीच दिसली होती. पण त्यांचं खरं निरीक्षण त्यापुढचं आहे: लोक किल्ली अशा माणसाकडे ठेवतात, जो किल्लीची काळजी घेईल पण आपल्या खासगी भानगडींची घेणार नाही. पाहुणा कोण, किती दिवस राहणार, हे तो विचारत नाही. मी हे पेन्सिलने अधोरेखितसुद्धा केलं होतं. आणि तरी चार माणसांसमोर काकांची काळजी घ्यायला गेले.

अधोरेखित करून काही येत नाही अंगात. ब्रेडचंही तसंच झालं होतं. पहिल्याच आठवड्यात उरलेले पुडे मी फ्रीजमध्ये टाकले, ताजे राहतील म्हणून. दुसऱ्या दिवशी स्लाइस वाळल्यासारखे कडक. बाबा एवढंच म्हणाले, ‘ब्रेड बाहेर.’ कारण मी नंतर शोधलं. ब्रेड शिळा होतो तो काही फक्त वाळल्यामुळे नाही. भाजताना मऊ झालेला त्यातला स्टार्च थंड होता होता पुन्हा घट्ट रचला जातो, आणि फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यांत भरभर होतं. बर्फाच्या कप्प्यात गोठवलं तर थांबतं. म्हणजे थोडी काळजी घेतली की बिघडतो. एकतर पूर्ण गोठवा, नाहीतर फळीवर राहू द्या. बाबांना स्टार्च माहीत नाही. पण लोणी स्लाइसच्या अगदी काठापर्यंत गेलं पाहिजे हा त्यांचा हट्ट टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरू नये म्हणून असतो, आणि मीठही ते अगदी शेवटी भुरभुरतात, नाहीतर टोमॅटो पाणी सोडतो.

(सँडविच या शब्दाची आजवर सापडलेली सगळ्यांत जुनी लेखी नोंदही रोजनिशीतच आहे, हे मला फार आवडतं. रोमचा इतिहास पुढे लिहिणारा एडवर्ड गिबन, २४ नोव्हेंबर १७६२, लंडनच्या क्लबात बडी मंडळी छोट्या टेबलांवर गार मांस नाहीतर सँडविच खात बसलीत, असं लिहितो. कडा काढल्या होत्या का ते लिहीत नाही.)

हे अकरा दिवस मी सव्वाअकराला दाराकडे बघायचे. बाबाही बघायचे, पण बघत नसल्यासारखं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन बघू का? बाबा म्हणाले, नको. मला तेव्हा बाबा कठोर वाटले.

आज पाऊस नव्हता, काही नव्हतं, साधा शुक्रवार. काका आले, रांगेत उभे राहिले. पुढे दोघं होती. मी मुद्दाम वर पाहिलं नाही आणि चुकून एका गिऱ्हाइकाला दोनदा काकडी घातली.

त्यांची पाळी आली. ‘मागचं किती झालं?’

मी वही फिरवून त्यांच्यापुढे केली. त्यांनी ‘निळी टोपी’वर बोट ठेवलं, जरा थांबले, आणि मग आकड्यांवरून बोट खाली नेलं. बाबांनी त्यांना काय नाव दिलंय हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार. खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. सगळे नव्हते, निम्म्याहून थोडे कमी. मी वजाबाकी केली ती चुकली. त्यांनी सुधारली, माझं नुकसान होत होतं.

‘चीज-टोमॅटो?’ मी विचारलं.

‘हो. कडा काढून.’

मी कडा दुसऱ्या कागदात बांधल्या. आतून बाबांचा चाकू थांबला होता. परत सुरू झाला.

‘हे आजचं लिहून ठेव.’

पेन उमटेना. हातावर गिरवून पाहिलं, तरी नाही. त्यांनी खिशाला लावलेलं स्वतःचं पेन काढून दिलं, आणि लिहून झाल्यावर आठवणीने परत मागून घेतलं.