सहा मतं

आज पहाटे, २ मे २०२५ला, इंग्लंडमधल्या रनकॉर्न अँड हेल्सबी मतदारसंघातल्या संसदेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. रिफॉर्म पक्षाच्या सेरा पोचिन १२,६४५ मतं, लेबर पक्षाच्या कॅरेन शोर १२,६३९. दिवसभर डोक्यात तेच! तिकडे ईव्हीएम नाही, कागदी मतपत्रिका आणि पेन्सिलची फुली. आधी पेटीतल्या मतपत्रिका हिशेबाशी जुळवायच्या, मग उमेदवारवार गठ्ठे. घोळ होतो तो इथेच. एक मत चुकून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलं की फरक एकाने नाही, दोनने हलतो. म्हणून फेरमोजणीत गठ्ठे सोडून पानन् पान बघावं लागतं. फुलीऐवजी बरोबरची खूण चालते, कल स्पष्ट हवा. दोघांपुढे खुणा असतील तर मत बाद. बरोबरी झाली असती तर? सरळ चिठ्ठी! २०२४च्या निवडणुकीत लेबरची आघाडी इथे १४,६९६ होती म्हणे.