लिंकनमधली सगळ्यात मोठी नोकरी

११ सप्टेंबर २०२२, रविवार. दुपारची जेवणं उरकून मी ओट्यावरचं आवरत होते, तेवढ्यात शेजारचे आजोबा मागच्या दाराशी आले. नेहमी हाक मारून आत येतात, त्या दिवशी उंबऱ्यातच थांबले. "काढलं त्याला," एवढंच म्हणाले.

कुणाला, हे विचारावं लागलं नाही. आम्ही राहतो अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकनला. आदल्या रात्री इथल्या नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्न विद्यापीठाकडून ४५-४२ असा हरला होता. मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट. याच राज्यातल्या वुड रिव्हर नावाच्या छोट्याशा गावचा मुलगा, १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (मैदानावर चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू). २०१८ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून परत आला तेव्हा लिंकनमध्ये घरचं कार्य असावं तसा आनंद होता. त्याची नोंद शेवटी १६ विजय, ३१ पराभव अशी राहिली.

फुटबॉल म्हणजे इथे अंडाकृती चेंडू, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड. आपल्या फुटबॉलला ही मंडळी सॉकर म्हणतात. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना असला की आमच्या गल्लीत संध्याकाळचा चहासुद्धा सामना संपल्यावरच व्हायचा. त्यामुळे खेळापायी पेठच्या पेठ जागी राहणं मला नवं नव्हतं. इथे मात्र अख्खं राज्य एकाच पेठेसारखं वागतं, हे समजायला मला दोन हंगाम लागले.

नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. मेमोरियल स्टेडियम १९२३ चं, साधारण ८५ हजार माणसं बसतात. सामन्याच्या शनिवारी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं 'शहर' हे स्टेडियमच, असं इथे सगळेच सांगतात. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथला प्रत्येक सामना 'सोल्ड आऊट' आहे. त्या वर्षी आजोबांच्या वडिलांनी हंगामाची चार तिकिटं घेतली, तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते. ती चार आसनं आजही त्यांच्याच घरात आहेत.

आम्हाला त्यांनी पहिल्यांदा नेलं ते २० ऑक्टोबर २०१८ ला. संघ त्या हंगामातले सहाच्या सहा सामने हरून आला होता. मला वाटलं, निम्मं स्टेडियम तरी रिकामं असेल. जिना चढून वर आले आणि समोर नजर पोहोचेल तिथवर लाल रंग. एक आजी गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन, कागदात गुंडाळलेला रन्झा (बीफचा खिमा आणि कोबी भरलेला पाव) शांतपणे खात बसल्या होत्या. देवळात सवयीच्या जागी बसावं तसं. त्या दिवशी मिनेसोटाला ५३-२८ असं हरवलं, आणि आजोबा डोळे पुसत होते.

अशा जागी मुख्य प्रशिक्षक होणं किती मोठं असेल! पैसा तर आहेच. फ्रॉस्टच्या जागी आलेल्या मॅट रूल यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला. वर्षाला सरासरी ९२ लाख डॉलर, म्हणजे पाऊणशे कोटी रुपयांहून जास्त. राज्याच्या गव्हर्नरच्या पगाराशी तुलना करण्यात अर्थच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो.

पण पैसा हल्ली अनेक विद्यापीठं देतात. प्रशिक्षक नोकरी पारखतो ती आणखी दोन-तीन गोष्टींवर, आणि तिथे नेब्रास्काचं गणित अवघड होतं.

पहिली गोष्ट, मुलं, म्हणजे संघासाठी शाळांमधून आणायचे खेळाडू. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियात चांगल्या शाळकरी खेळाडूंचं पीकच असतं. तिथला प्रशिक्षक सकाळी गाडी काढून संध्याकाळी घरी परततो. इथून मका आणि सोयाबीनची शेतं मागे टाकत विमानानेच जावं लागतं, सतरा वर्षांच्या मुलाच्या आईसमोर स्वयंपाकघरात बसून सांगावं लागतं की थंडीचं काही मनावर घेऊ नका, आम्ही त्याला सांभाळू. २०११ मध्ये विद्यापीठ बिग टेन परिषदेत (परिषद म्हणजे आपापसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) गेलं आणि टेक्सासमध्ये दरवर्षी होणारे सामने संपले. पैसे वाढले, पण तिकडच्या घरांमधली ओळख पातळ झाली. त्यात २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठ ठरावीक मर्यादेपर्यंत (पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलर) रक्कम खेळाडूंना थेट देऊ शकतं. म्हणजे मुलगा आणल्यावरही तो टिकवावा लागतो. ट्रान्सफर पोर्टलचं, म्हणजे विद्यापीठ बदलायच्या सोयीचं, दार त्याच्यासाठी उघडंच आहे.

दुसरी गोष्ट इतिहास. टॉम ऑस्बोर्न इथे १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं प्रशिक्षक होते: २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, १९९५, १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांची. त्याआधी बॉब डेव्हनींची १९७० आणि १९७१ ची दोन. नव्या माणसाला या भिंतीसमोर उभं करतात.

आणि तिसरी, मला सगळ्यात मोठी वाटते ती, धीर. ऑस्बोर्ननंतर फ्रँक सोलिच आले. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००३ च्या हंगामात नऊ सामने जिंकले होते, तरी त्यांना काढलं. माझ्या मते तो अन्याय होता. आजोबांच्याही मते. पुढे काही वर्षांनी आलेले बो पेलिनी सात वर्षं होते, दरवर्षी किमान नऊ विजय, आणि त्यांनाही काढलं. १९९९ नंतर परिषदेचं विजेतेपद आलेलं नाही. बाहेरचा चांगला प्रशिक्षक या नोकरीकडे बघतो तेव्हा त्याला ८५ हजार माणसं दिसतात, तशा या दोन हकालपट्ट्याही दिसतात. फ्रॉस्टला काढायला १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर बायआऊट (करार मोडल्याबद्दल प्रशिक्षकाला द्यायची रक्कम) दीड कोटी डॉलरवरून निम्मा झाला असता. तीन आठवडे! तेवढेही कुणाला निघाले नाहीत.

या बातम्यांमध्ये घरांची गोष्ट येत नाही. मुख्य प्रशिक्षक गेला की सहायकही विखुरतात. माझ्या लेकीच्या वर्गात एका सहायक प्रशिक्षकाची मुलगी होती. हंगाम संपला आणि दोन आठवड्यांत ती गेली. तिची ती चौथी की पाचवी शाळा होती. जाताना लेकीला रंगपेटी देऊन गेली, "नवीन ठिकाणी घेतील," म्हणाली. ती पेटी आमच्याकडे अजून आहे, पिवळा खडू तेवढा संपलाय.

म्हणूनच २०२५ चा ऑक्टोबर आम्हाला जड गेला. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाने १२ ऑक्टोबरला आपले मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. जानेवारीत उपांत्य फेरी खेळलेला संघ, सलग तीन पराभव, आणि करारानुसार सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचं देणं. पेन स्टेट हे रूल यांचं स्वतःचं विद्यापीठ, ते तिथेच खेळले. त्यांनी टेंपल आणि बेलर या विद्यापीठांचे पडलेले संघ उभे केले होते. बेलर २०१७ मध्ये ११ सामने हरलं आणि २०१९ मध्ये तेवढेच जिंकलं. इथेही २०२४ मध्ये त्यांनी आठ वर्षांनंतर पहिला विजयी हंगाम दिला. असा माणूस माहेरची हाक आली तर थांबेल कशाला? किराणा दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या शाळेबाहेर, सगळीकडे हाच विषय.

३० ऑक्टोबरला बातमी आली की रूल यांचा करार दोन वर्षांनी वाढला, २०३२ पर्यंत. आजोबा घरातल्या चपलांवरच धावत आले. यावेळी उंबऱ्यात थांबले नाहीत, सरळ स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढली. मी पोहे टाकले होते. "घर सोडून आपल्याकडे राहिला," असं दोनदा म्हणाले. मला वाटतं, कुठल्याही प्रशिक्षकाला हे ऐकायला मिळालं असतं तर नोकरीबद्दल आणखी काही विचारावं लागलं नसतं.

दोनच दिवसांनी यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) २१-१७ ने हरलो. रात्रीचा सामना, बोचरी थंडी, आसनं सगळी भरलेली. जिना उतरताना आजोबांनी माझ्या लेकीचा हात धरला होता आणि पुढच्या सामन्याला कोणते मोजे घालायचे ते तिला समजावत होते.